गावाजवळच्या बॅटरी प्रकल्पाचा कागद कसा वाचावा

सौर आणि पवन विजेत कर्नाटक देशातील आघाडीच्या राज्यांत आहे. तुमकूर जिल्ह्यातील पावगड येथे २,०५० मेगावॉटचे सौर उद्यान उभे आहे आणि गदग, विजापूर, सौंदत्ती या बाजूच्या माळांवर पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. परिणामी दुपारी बाराला वीज उतू जाते आणि संध्याकाळी सातला तिचीच ओढाताण होते. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत धरून ठेवण्यासाठी उपकेंद्रांच्या शेजारी मोठ्या बॅटऱ्या बसवण्याचे प्रस्ताव आता देशभर येत आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यातही असा कागद एखाद्या ग्रामपंचायतीच्या, सोसायटीच्या किंवा कारखान्याच्या टेबलावर आज ना उद्या येईल. तो बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल, पण त्यातले आकडे कोणत्याही भाषेत तेच असतात. ते कोणत्या क्रमाने तपासावेत, हे पुढे दिले आहे.

आधी तास, मग मेगावॉट

प्रस्तावात ‘१० मेगावॉट / २० मेगावॉट-तास’ असे दोन आकडे असतात. बातमीत मात्र बहुतेक वेळा पहिलाच छापला जातो आणि तेथेच वाचकाची गल्लत होते. बॅटरी हे साखर कारखान्याच्या गोदामासारखे आहे: ती काहीही तयार करत नाही, तयार झालेले ठेवून घेते. एका वेळी दारातून किती माल बाहेर काढता येईल हे मेगावॉटवरून कळते, आणि आत एकूण किती मावते हे मेगावॉट-तासांवरून. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की पूर्ण ताकदीने बॅटरी किती तास चालेल ते निघते. येथे ते दोन तास आहेत. कागदावर फक्त मेगावॉट असतील, तर पुढे काही वाचण्याआधी दुसरा आकडा लेखी मागावा.

एक मेगावॉट-तास म्हणजे आपल्या बिलावरील १,००० युनिट. हा हिशेब डोळ्यांसमोर आणायचा असेल, तर एका सेलकडे पाहावे. आज मोठ्या प्रकल्पांत सर्रास वापरला जाणारा लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा सेल ३१४ अँपिअर-तासांचा आणि ३.२ व्होल्टचा असतो. दोन्हींचा गुणाकार केला की जवळजवळ नेमके एक युनिट येते. जाडजूड पुस्तकाएवढा, साडेपाच किलोच्या आसपास वजनाचा हा डबा एका युनिटाचे घर आहे. असे सुमारे पाच हजार सेल वीस फुटी कंटेनरमध्ये बसवले, की पाच मेगावॉट-तासांचा एक कंटेनर तयार होतो. म्हणजे २० मेगावॉट-तासांच्या प्रकल्पात चार-पाच कंटेनर, शेजारी बॅटरीची वीज ग्रीडला चालेल अशी करणारे इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मर, एवढाच पसारा असतो. प्रस्तावात मागितलेली जमीन यापेक्षा कितीतरी पट असेल, तर त्याचे कारण विचारण्यास हरकत नाही.

हा आकडा कोणत्या जागी मोजलेला आहे, हेही पाहावे. सेलमधील क्षमता आणि उपकेंद्राच्या मीटरवर मिळणारी वीज यांत फरक पडतो. शिवाय क्षमता दरवर्षी थोडी थोडी घटत जाते. करार बारा किंवा पंधरा वर्षांचा असेल, तर शेवटच्या वर्षी किती मेगावॉट-तास मिळतील आणि घट भरून काढण्यासाठी नवे कंटेनर कोणाच्या खर्चाने बसतील, या दोन्हींचे उत्तर करारातच असले पाहिजे.

उपकेंद्राच्या नोंदवहीतून गरज काढणे

सगळ्यांत जास्त वेळ येथे द्यावा, कारण प्रस्तावात हा भाग बहुधा एका परिच्छेदात उरकलेला असतो. प्रत्येक उपकेंद्रात फीडरनिहाय, म्हणजे तेथून निघणाऱ्या प्रत्येक वाहिनीवरील लोडच्या (विजेच्या मागणीच्या) तासागणिक नोंदी ठेवल्या जातात. त्यातील किमान तीन दिवस निवडावेत: एक एप्रिलमधला, एक जुलैमधला आणि एक गळीत हंगामातला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतला. चौकटींच्या कागदावर आडव्या रेषेत चोवीस तास आणि उभ्या रेषेत मेगावॉट घेऊन तिन्ही दिवसांचे आलेख काढावेत. संगणक असला तर उत्तम, पण वहीचे पानही पुरते.

आमच्या भागात हे तिन्ही आलेख एकमेकांशी जुळत नाहीत, हे प्रत्यक्ष काढल्यावरच पटते. एप्रिलमध्ये दुपारी सौर वीज मुबलक असते आणि सूर्य कलला की तासा-दीड तासात ती संपते, नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे आणि दूरदर्शन सुरू होतात. जुलैत आभाळ भरलेले असते, खानापूरच्या बाजूला तर दिवसेंदिवस ऊन दिसत नाही, पण वारा रात्रीही वाहतो. त्यामुळे साठवण्याजोगी वीज मध्यरात्रीनंतर निघते आणि ती सकाळच्या गर्दीला उपयोगी पडते. डिसेंबरात चिक्कोडी, रायबाग, गोकाक, अथणी या बाजूचे कारखाने उसाच्या चिपाडावर चोवीस तास वीज तयार करतात आणि उरलेली ग्रीडला देतात, म्हणून संध्याकाळची तूट त्या महिन्यांत हलकी होते. एकाच दिवसाच्या आलेखावरून बॅटरीचे माप ठरवले असेल, तर ती वर्षातले कित्येक महिने अर्धवट वापरली जाईल.

आता एप्रिलच्या आलेखावर उपकेंद्राला वरून निर्धोकपणे मिळू शकणाऱ्या विजेची आडवी रेषा मारावी. या रेषेच्या वर डोके काढणारा भाग म्हणजे बॅटरीचे काम. समजा, साडेसहा ते साडेनऊ या तीन तासांत सरासरी ६ मेगावॉट जादा लागतात, तर गरज १८ मेगावॉट-तासांची झाली. १० मेगावॉट / २० मेगावॉट-तासांची बॅटरी ६ मेगावॉटने सव्वातीन तासांहून थोडी जास्त चालते, म्हणजे ती येथे बसते. पण हाच उंचवटा सहा तासांचा असेल, तर तीच बॅटरी मध्येच संपेल आणि भारनियमन साडेसहाऐवजी दहा वाजता होईल, एवढाच फरक पडेल. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या राष्ट्रीय आराखड्यात २०३१-३२ साठी सुमारे ४७ गिगावॉट / २३६ गिगावॉट-तास बॅटरीची गरज मांडलेली आहे, म्हणजे सरासरी पाच तासांची. देशातल्या अनेक निविदा मात्र दोन तासांच्या निघाल्या. दोन तासांची बॅटरी चूक आहे असे यातून ठरत नाही, पण ती कोणत्या दोन तासांसाठी आहे हे सांगण्याची जबाबदारी प्रस्ताव मांडणाऱ्यावर येते.

शेतीपंपाचे आश्वासन तपासणे

‘बॅटरी आली की शेतीला रात्रभर थ्री फेज मिळेल’ असे वाक्य सभेत हमखास ऐकू येईल. पाच अश्वशक्तीची मोटर ग्रीडमधून साधारण साडेचार ते पाच किलोवॉट ओढते. पाच धरले, तर सात तासांच्या पाळीला एका मोटरीला ३५ युनिट लागतात. २० मेगावॉट-तास म्हणजे २०,००० युनिट. भागाकार ५७० च्या आसपास येतो. एका मोठ्या उपकेंद्राखाली मोटरी किती आहेत, हे ज्याचे त्याने आपल्या गावापासून मोजावे.

माझे मत असे आहे की शेतीपंपासाठी बॅटरी वापरणे हा पैशाचा अपव्यय आहे. विहिरीतले किंवा शेततळ्यातले पाणी दुपारी उपसले काय आणि रात्री उपसले काय, उसाला सारखेच पोहोचते. उलट रात्रीच्या पाळीत साप, बिबटे आणि अंधार यांना तोंड देत पाणी पाजण्याची सक्ती फक्त वीज त्या वेळी येते म्हणून असते. सौर वीज उतू जात असतानाच्या तासांत शेतीचे फीडर चालवले, किंवा शेतीसाठी सौर वीज देणाऱ्या केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेखाली त्या फीडरलाच सौर प्रकल्प जोडला, तर बॅटरी न घेता मोठा भार संध्याकाळपासून दूर जातो. म्हणून प्रस्तावात ‘शेती’ हा शब्द दिसला, की शेतीचे फीडर आधी दिवसावर का आणले जात नाहीत, हा प्रश्न लेखी विचारावा. मोटरी दिवसावर आल्यावर उरलेला संध्याकाळचा उंचवटा पुन्हा मोजावा. बॅटरीचे माप तेव्हा कमी निघेल.

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक भागांतील फौंड्रीवाल्यांचे, म्हणजे ओतकाम करणाऱ्या कारखान्यांचे, गणित वेगळे आहे. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात आणि रस तयार होत असताना वीज गेली, तर नुकसान नुसत्या युनिटांत मोजता येत नाही. तरीही पहिला उपाय हाच, की वितळवण्याची पाळी जमेल तितकी दुपारकडे सरकवावी. केंद्राच्या २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीनुसार सौर तासांतील दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि व्यापारी व औद्योगिक ग्राहकांचा कमाल मागणीच्या तासांतील दर किमान २० टक्के जास्त ठेवणे अपेक्षित आहे. आपल्या बिलावर वेळेनुसारचा दर प्रत्यक्षात किती लागतो, हे पाहूनच स्वतःच्या आवारातील बॅटरीचा विचार करावा.

एका युनिटाला किती पडले

बॅटरी उभारणारी कंपनी बहुधा वितरण कंपनीकडून दरमहा प्रति मेगावॉट भाडे घेते. भारतीय सौर ऊर्जा महामंडळाच्या २०२२ मधील ५०० मेगावॉट / १,००० मेगावॉट-तासांच्या निविदेत हे भाडे १०.८४ लाख रुपये निघाले होते. पुढच्या दोन-अडीच वर्षांत सेलचे भाव कोसळले, केंद्राने व्यवहार्यता तूट निधीही (प्रकल्प परवडावा म्हणून खर्चातील काही वाटा उचलणारे अनुदान) दिला आणि काही राज्यांच्या निविदांत भाडे अडीच लाखांच्या खाली आले. जुन्या आकड्यावर बेतलेला प्रस्ताव पुढे आला, तर तो कोणत्या सालचा आहे हे म्हणूनच पाहावे लागते.

समजा भाडे अडीच लाख आहे. एक मेगावॉटमागे दोन मेगावॉट-तास, रोज एकदा भरणे-रिकामे करणे, असे धरले तर महिन्याला ६०,००० युनिट होतात. बऱ्याच निविदांत ९५ टक्के उपलब्धतेची अट असते, त्या हिशेबाने ५७,०००. अडीच लाखांना याने भागले की प्रति युनिट ४ रुपये ३९ पैसे फक्त साठवणुकीचे पडतात. शिवाय भरताना घातलेली सगळी वीज परत मिळत नाही. निविदांत साधारण ८५ टक्के परतावा मागितला जातो. दुपारची वीज अडीच रुपयांनी मिळाली, तर परत येणाऱ्या युनिटाला तिचा खर्च २ रुपये ९४ पैसे. दोन्ही मिळून संध्याकाळचे युनिट ७ रुपये ३३ पैशांना पडते. आता हेच युनिट त्या वेळी बाजारातून किंवा दुसऱ्या केंद्राकडून किती रुपयांना मिळते, त्याच्याशी तुलना करावी.

रोज दोनदा भरण्याचे दाखवून साठवणुकीचा ४ रुपये ३९ पैशांचा खर्च निम्म्याने उतरवलेला असतो. कागदावर तो २ रुपये १९ पैसे दिसेल. येथे थांबून दुसरी भरण कोठून, असे विचारावे. जुलैत रात्रीच्या वाऱ्याची वीज आहे, ते मान्य. एप्रिलमधल्या रात्री दुसऱ्यांदा भरायला कोळशाचीच वीज घ्यावी लागली, तर अडीच रुपयांचा भाव तेथे लागू होत नाही. कंटेनर थंड ठेवणाऱ्या यंत्रणेची वीज कोणाच्या मीटरवर जाते, हेही याच ओघात विचारून घ्यावे, कारण अथणीच्या उन्हाळ्यात ती नगण्य नसते.

कागदावर न दिसणारे काम

तास आणि युनिट यांच्या हिशेबात न बसणारे एक काम बॅटरी करते आणि ग्रीडच्या दृष्टीने ते मोलाचे आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रीड बाकी देशाशी एकाच लयीत जोडले गेले. तेव्हापासून बेळगावच्या आणि कोल्हापूरच्या घरातील वीज एकाच वारंवारतेवर, म्हणजे प्रवाहाच्या दर सेकंदाच्या आवर्तनांच्या एकाच संख्येवर, चालते. ती ५० हर्ट्झच्या आसपास, ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवावी लागते. कोठेही वीजनिर्मितीचा मोठा संच अचानक बंद पडला की वारंवारता घसरू लागते. जुन्या औष्णिक आणि जलविद्युत संचांची जड चाके फिरत असल्यामुळे ही घसरण मंदावत असे. सौर पॅनेलमध्ये फिरणारे काहीच नसते. जसजसा त्यांचा वाटा वाढतो, तसतशी पहिल्या काही सेकंदांची जोखीम वाढते, आणि बॅटरी सेकंदाच्या अंशात वीज सोडू किंवा ओढू शकते म्हणून ती येथे कामाला येते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील हॉर्न्सडेलची १०० मेगावॉटची बॅटरी २०१७ च्या अखेरीस सुरू झाली आणि काही दिवसांतच शेजारच्या व्हिक्टोरियातील एक कोळसा संच बंद पडला असता तिने हेच करून दाखवले.

प्रस्तावात पाहायचे ते एवढेच: इन्व्हर्टर स्वतः व्होल्टेज आणि वारंवारता उभी करणाऱ्या प्रकारचा आहे, की फक्त ग्रीडच्या मागे चालणारा? पहिल्या प्रकारचा असेल, तर अंधारात गेलेला भाग पुन्हा उजळवण्यासाठीही ती बॅटरी वापरता येते. आणि या सेवेसाठी राखून ठेवलेली वीज संध्याकाळच्या वाट्यातून वजा केली आहे का, तेही पाहावे. दोन्ही कामांसाठी एकच युनिट दोनदा मोजलेले आढळले, तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

बॅटरीऐवजी काय

दोन-चार तासांपलीकडची साठवण हवी असेल, तर पंप साठवणूक स्वस्त पडू शकते. आपल्या बेळगाव जिल्ह्यातच सौंदत्तीजवळ, मलप्रभेच्या रेणुकासागराच्या परिसरात असा प्रकल्प हाती घेतलेला आहे. दुपारी पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडायचे, ही त्याची पद्धत. तो उभा राहायला वर्षे लागतात, डोंगर आणि पाणी लागते, पण एकदा झाला की चाळीस वर्षे चालतो. बॅटरी वर्ष-दीड वर्षात बसते आणि उपकेंद्राच्या दारातच बसते, हा तिचा खरा फायदा. शरावती आणि काळी खोऱ्यांतील जलविद्युत केंद्रेही संध्याकाळचा चढ सांभाळतात, मात्र धरणे भरलेली असली तर. २०२३ साली पावसाने दगा दिला, धरणांतले पाणी जपून वापरावे लागले आणि ऑक्टोबरातच मोटरींची मागणी चढून राज्यात विजेचा तुटवडा झाला. असा तुटवडा आठवड्यांचा असतो. दोन तासांची बॅटरी त्यावर उपाय नाही आणि कोणी तसे सांगत असेल, तर त्याला आलेख दाखवावा.

आग आणि पाणी

गावकऱ्यांची पहिली शंका आगीची असते आणि ती रास्त आहे. एखादा सेल आतून तापू लागला की शेजारच्याला तापवतो, ज्वलनशील आणि विषारी वायू बाहेर पडतात. २०१९ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनात अशा साठलेल्या वायूचा स्फोट होऊन अग्निशमन जवान जखमी झाले. १६ जानेवारी २०२५ रोजी कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग येथे लागलेल्या आगीमुळे आसपासच्या रहिवाशांना हलवावे लागले. तेथे निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारचे सेल एका जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत एकत्र ठेवले होते. आताच्या प्रकल्पांत लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल आणि उघड्यावर, अंतराने ठेवलेले स्वतंत्र कंटेनर अशी मांडणी असते. त्यामुळे एक कंटेनर जळाला तरी दुसऱ्याला झळ लागू नये, अशी अपेक्षा धरता येते.

अपेक्षेवर न थांबता कागद मागावेत. सेलचा प्रकार कोणता. यूएल ९५४०ए या आग-प्रसार चाचणीचा अहवाल आहे का आणि तो याच मॉडेलचा आहे का. दोन कंटेनरमधील आणि कुंपणापासूनचे अंतर किती. जवळच्या अग्निशमन केंद्राला सराव कोण देणार. आग लागल्यावर जळता कंटेनर बहुधा जळू दिला जातो आणि बाजूच्यांवर पाण्याचा मारा केला जातो. ते दूषित पाणी कोठे जाणार, हा प्रश्न मात्र फार थोडे जण विचारतात. लाल मातीच्या उतारावर, खालच्या अंगाला पिण्याच्या पाण्याची विहीर असेल, तर पाणी अडवणारा खड्डा आराखड्यात दाखवलेला असलाच पाहिजे.

हरकत नोंदवताना

बॅटरीचे भाडे शेवटी वीजदरात येते, आणि दर ठरवणे कर्नाटक वीज नियामक आयोगाकडे आहे. या भागातील वितरण कंपनी हेस्कॉमच्या दरप्रस्तावावर कोणताही ग्राहक लेखी हरकत घेऊ शकतो. हरकतीत भावना कमी आणि आलेख जास्त असावेत: तीन दिवसांचे तीन आलेख, उंचवट्याचे मेगावॉट-तास, शेतीचे फीडर दिवसावर आणल्यावर उरणारा उंचवटा आणि प्रति युनिट खर्च, एवढे एका पानात मावते. बॅटरी कधी भरायची व कधी रिकामी करायची याचा आदेश बेंगळुरूचे राज्य भार प्रेषण केंद्र देणार की वितरण कंपनी, हे करारात स्पष्ट नसेल, तर तोही मुद्दा त्याच पानावर घ्यावा, कारण स्थानिक उपकेंद्राच्या नावाने बसवलेली बॅटरी राज्याच्या गरजेसाठी भलत्याच तासाला रिकामी झालेली असू शकते.

शेवटचा कागद मुदत संपल्यानंतरचा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि आयात करून विकणाराही त्या व्याख्येत येतो. करारात अशा उत्पादकाचे नाव, नोंदणी आणि कंटेनर उचलण्याची मुदत लिहून घ्यावी, आणि जमीन भाडेपट्ट्याने दिलेली असेल, तर ती मोकळी करून मिळेपर्यंत भाडे चालू राहील असे कलम भाडेपट्ट्यातच घालून घ्यावे.